सुट्टीतली दहा पुस्तकं आणि सारांशाची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत. शाळेने सुट्टीत दहा पुस्तकं वाचून प्रत्येकाचा सारांश वहीत लिहायला सांगितलंय. वाचायला तिची ना नाही, पण लिहायचं म्हटलं की पुस्तक मिटून ठेवते. लिहिलंच तर तीन पानं भरून अख्खी गोष्ट उतरवते, नाहीतर मागच्या कव्हरवरचा मजकूर जसाच्या तसा. आईने विचारलंय, पुस्तकं कशी निवडायची, सारांश कसा शिकवायचा आणि रोज किती वेळ बसवायचं.

वेळेचं आधी उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. या वयाला रोज वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. वेळ ठरलेली असावी आणि तेवढ्यात फोन दुसऱ्या खोलीत असावा, तुमचासुद्धा. ती रंगली तर तास जाऊ द्या. एखाद्या दिवशी नाही वाचलं तर दुसऱ्या दिवशी ती पानं वसूल करू नका.

आता मुख्य मुद्दा. मी बरीच वर्षं पाचवी ते आठवीला भाषा शिकवते आणि शाळेची लायब्ररीही माझ्याकडेच असते, म्हणजे सुट्टीनंतरच्या या वह्या माझ्याच टेबलावर येतात. त्यावरून सांगते : वाचन आणि सारांश ही दोन वेगळी कामं आहेत. सुट्टीच्या बहुतेक दिवसांत ती वेगळीच ठेवा. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वही वाट बघत बसली आहे हे कळलं की मूल तीनपैकी एक करतं. पातळ पुस्तकं निवडतं, वाचताना सतत ‘हे लिहायचं का’ असा विचार करतं, नाहीतर शेवटची तीस पानं लांबवत राहतं. तुमची मुलगी पुस्तक मिटून ठेवते ती वाचनाला कंटाळून नव्हे. पुढचं काम तिला दिसतंय.

सुट्टीत मुलं किती विसरतात यावर बराच खल झालाय. अमेरिकी अभ्यासक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा सरासरीने महिनाभराच्या शिक्षणाइतकी घसरण दिसली होती, आणि ती वाचनापेक्षा गणितात जास्त होती. अलीकडे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या जुन्या चाचण्यांच्या मोजणीवरच शंका घेतलीय. म्हणून ‘सुट्टीत वाचलं नाही तर वर्ष वाया’ असली भीती मी कुणाला घालत नाही. यापेक्षा दोन वेगळे अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतात. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅक्गिल-फ्रान्झेन यांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या गरीब वस्तीतल्या शाळांतल्या लहान मुलांना सलग तीन वर्षं सुट्टीच्या तोंडावर बारा-बारा पुस्तकं दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. या मुलांचं वाचन, ज्यांना पुस्तकं मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा सुधारलं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता. तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. दुसरा 2008 सालचा, जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांचा, तिसरी ते पाचवीच्या मुलांवरचा. त्यात नुसती पुस्तकं हातात देऊन फारसा फायदा दिसला नाही. ज्यांना सुट्टीआधी शाळेत समजून वाचायच्या युक्त्या शिकवल्या होत्या आणि मोठ्यांसमोर थोडं मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, ती मुलं पुढे गेली. दोन्ही शेजारी ठेवले की मला असं दिसतं : निवड मुलाची हवी, आणि वाचलेल्याविषयी बोलायला कुणीतरी मोठं माणूस हवं. दहा सारांशांची वही या दोन्हींत बसत नाही.

निवडीविषयी. पुस्तकावरचा वयोगट बघाच, पण त्यावर विसंबू नका. मधलं कुठलंही पान उघडून तिला वाचायला सांगा. पानभरात चार-पाचपेक्षा जास्त शब्दांना ती अडखळली तर ते पुस्तक सध्या एकटीने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. हा ढोबळ नियम आहे, कारण तिला विषयाचं वेड असेल तर ती पंधरा अवघड शब्दसुद्धा गिळून पुढे जाईल. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा तो उतारा सांगण्यात आणि त्यातलं महत्त्वाचं काय ते निवडण्यात पुढे निघाली. हे मी लायब्ररीत रोज बघते. धड एक परिच्छेद न वाचणारा मुलगा डायनासोरवरचं जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्या सारांशात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तेव्हा दहातली निदान सहा तिच्या आवडीच्या विषयावरची असू द्या. एकाच मालिकेतली चार पुस्तकं चालतील. मालिकेत पात्रं आणि जग ओळखीचं असतं, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकापासून वाचनाचा वेग वाढतो. चित्रकथा चालतील. आधी वाचलेलं पुन्हा वाचलं तरी चालेल. शाळेच्या यादीतलं एखादं पुस्तक सक्तीचं असेल तर त्याचं पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. पहिली वीस-पंचवीस पानंच बहुतेकांना अडवतात, पात्रांची नावं आणि जागा डोक्यात बसेपर्यंत. तेवढी हात धरून पार करून दिली की पुढचं मूल स्वतः बघतं. आणि पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचून नाही आवडलं, तर बंद. मोठी माणसं हेच करतात.

आता सारांश. आधी एक घोळ सोडवायला हवा, कारण शाळाही तो घालतात. ‘पुस्तकाबद्दल लिहा’ म्हटलं की तीन निरनिराळ्या गोष्टी मनात असतात. सारांश म्हणजे पुस्तकात काय घडलं ते थोडक्यात, शेवटासकट. परिचय म्हणजे दुसऱ्याने वाचावं म्हणून दिलेली ओळख, त्यात शेवट झाकून ठेवायचा. अभिप्राय म्हणजे मला काय वाटलं आणि का. मागच्या कव्हरवर असतो तो परिचय, आणि तो पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो. म्हणूनच तो उतरवला की लगेच ओळखू येतो, त्यात शेवटच नसतो. ‘पुढे काय होईल? नक्की वाचा!’ अशा वाक्यावर संपणारे सारांश मी किती वाचले असतील याचा हिशोब नाही. मुलीला रागावू नका. हा फरक तिला कुणी दाखवला नसणार.

तीन पानं भरण्याचं कारण वेगळं. ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी 1983 साली वेगवेगळ्या वयाचे विद्यार्थी सारांश कसा करतात ते तपासलं. पाचवीची मुलंसुद्धा बिनमहत्त्वाची वाक्यं गाळायचं काम बऱ्यापैकी करत होती, पण त्यांची पद्धत एकच : वाचत जायचं, हे ठेवायचं की नाही ते ठरवायचं, ठेवायचं असेल तर जवळपास त्याच शब्दांत उतरवायचं. अनेक घटना मिळून एक नवं, पुस्तकात न छापलेलं वाक्य तयार करणं त्यांना जवळजवळ जमत नव्हतं. तेच सगळ्यात अवघड निघालं, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही ते नेहमी साधत नव्हतं. म्हणजे तुमच्या मुलीची तीन पानं हा आळस नाही आणि ढिलाईही नाही. ती त्या वयाची स्वाभाविक पायरी आहे. ‘थोडक्यात लिही, थोडक्यात लिही’ असं सांगून तिथून कुणी वर चढत नाही.

मी काय करते ते एका उदाहरणावर दाखवते. गोष्ट मी समजावण्यासाठी बनवलेली आहे. नील नव्या शाळेत येतो. मित्र मिळावेत म्हणून थाप मारतो की आपल्याला पोहता येतं. त्यामुळे त्याला नौकेच्या संघात घेतात. ईशान नावाच्या मुलाला ही थाप कळते, पण तो गप्प राहतो. शर्यतीच्या दिवशी ईशान पाण्यात पडतो, नील त्याला वाचवायला जाऊ शकत नाही, आरडाओरडा करून शिक्षकांना बोलावतो आणि सगळ्यांसमोर खरं सांगतो. पुढे ईशानच त्याला पोहायला शिकवतो.

सहावीतल्या मुलाचा पहिला खर्डा साधारण असा येतो : ‘नील नवीन शाळेत जातो. त्याचं दप्तर निळं असतं. मग त्याला ईशान भेटतो. मग ते डबा खातात. मग सर विचारतात कुणाला पोहता येतं. मग नील हात वर करतो. मग त्याला टी-शर्ट मिळतो…’

यावर लाल पेन चालवायचं नाही. वही बाजूला ठेवून गोष्ट तोंडी सांगायला लावायची, आणि एकच अट घालायची : दोन घटनांच्या मध्ये ‘मग’ म्हणायचं नाही. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ म्हणायचं. मूल सुरू करतं : नील नव्या शाळेत येतो, म्हणून त्याला मित्र नसतात, म्हणून तो थाप मारतो, म्हणून त्याला संघात घेतात, पण त्याला पोहता येत नसतं… निळं दप्तर आपोआप गळतं, कारण ‘म्हणून’ लावायला त्याच्या पुढे काहीच नाही. डबा गळतो. टी-शर्टपाशी मूल थांबतं आणि विचारात पडतं. तिथे थांबू द्या. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘टी-शर्ट ठेवते, कारण तो घातल्यावर त्याला खरं सांगता येईना.’ बरोबर आहे की! माझ्या हिशोबात टी-शर्ट गाळायचा होता, तिने त्याला कारण दिलं आणि तो राहिला.

तोंडी सांगणं दोनदा झालं की लिहायला बसवायचं, पुस्तक मिटून. हे मिटवणं महत्त्वाचं आहे. पुस्तक उघडं असलं की हात उतरवायला लागतो, मिटलेलं असलं की आठवावं लागतं आणि जे आठवतं ते बहुतेक गोष्टीच्या कण्याचंच, म्हणजे मुख्य घटनांचंच असतं. नावं, जागा तपासायला नंतर उघडू द्या. आधार हवा असेल तर पाच प्रश्न पुरतात : गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आड काय येतं, त्यावर तो काय करतो, शेवटी काय होतं. इंग्रजी शाळांतही याच धर्तीचा साचा वापरतात. साचा सुरुवातीला घ्या, पण तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला सोडून द्या, नाहीतर सगळ्या पुस्तकांचे सारांश एकसारखे दिसायला लागतात.

नीलच्या गोष्टीचा दुसरा खर्डा असा येऊ शकतो : ‘नव्या शाळेत मित्र मिळावेत म्हणून नील पोहता येत असल्याची थाप मारतो आणि नौकेच्या संघात जातो. संघाचा टी-शर्ट मिळाल्यावर खरं सांगणं त्याला आणखी अवघड होतं. शर्यतीत ईशान पाण्यात पडतो तेव्हा नील त्याला वाचवू शकत नाही, म्हणून तो मदत बोलावतो आणि सगळ्यांसमोर खरं कबूल करतो. ईशान त्याच्याशी मैत्री तोडत नाही, उलट त्याला पोहायला शिकवतो.’ चार वाक्यं झाली. इथे थांबलात तरी शाळेचं काम झालं.

पण एक प्रश्न आणखी विचारून बघा : ‘नील खरा कशाला घाबरत होता?’ आधी उत्तर येतं, पाण्याला. थोडं थांबलं की कुणीतरी म्हणतं, ‘पाण्याला नाही, एकटं पडायला.’ हे वाक्य गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरी ते गोष्टीचंच आहे. ब्राउन आणि डे यांना जे अवघड आढळलं ते हेच. ते लिहून घेऊन मिळत नाही, गप्पांत निघतं, आणि निघालं की लगेच ‘हे लिहून ठेव’ म्हणायचं. दहा पुस्तकांत दोनदा असं झालं तरी सुट्टी सार्थकी लागली असं मी समजते. प्रश्न मात्र तुम्हाला खरोखर पडलेला हवा. ‘या गोष्टीतून काय शिकलीस?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर ‘खोटं बोलू नये’ हेच येणार, पुस्तक न वाचताही येणार.

जाड पुस्तकाला हे असं एका बैठकीत जमत नाही. दोनशे पानांनंतर सुरुवात आठवत नाही ही मुलांची तक्रार रास्त आहे. त्यासाठी कागदाची एक पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवा. प्रकरण संपलं की तिच्यावर एक ओळ, फक्त एक : या प्रकरणात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर रेघ मारायची. पुस्तक संपल्यावर पट्टीवर पंधरा-वीस ओळी असतात. त्यातल्या ज्या खोडल्या तरी पुढची ओळ समजते त्या खोडायच्या, आणि उरलेल्या एकमेकींना ‘म्हणून’-‘पण’ने जोडायच्या. उताऱ्याचा एक तृतीयांश वगैरे प्रमाण इथे उपयोगाचं नाही, ते परीक्षेतल्या छोट्या उताऱ्यासाठी असतं. पुस्तकाच्या सारांशाला मी सहा ते दहा वाक्यं म्हणते.

माहितीच्या पुस्तकांना ही युक्ती लागू पडत नाही. ज्वालामुखीवरच्या पुस्तकात कुणालाच काही हवं नसतं. तिथे वाचण्याआधी मुलीला दोन-तीन प्रश्न लिहू द्या आणि सारांश म्हणजे त्या प्रश्नांची मिळालेली उत्तरं, शिवाय एक अशी गोष्ट जी विचारायचं सुचलंच नव्हतं.

इंटरनेटवरचे तयार सारांश आणि आता विचारलं की क्षणात लिहून देणारे एआय चॅटबॉट, याबद्दल पालक हल्ली हमखास विचारतात. बंदी घालून फार निभावत नाही. मी वहीत सारांशाखाली दोन ओळी जास्त मागते : तू कुठल्या पानावर थांबलीस आणि का, आणि कुठल्या पात्राचं वागणं तुला पटलं नाही. पान उघडून दाखवायचं. ज्याने पुस्तक हातात धरलंय त्याला हे पटकन सापडतं, ज्याने धरलं नाही तो पानं चाळत बसतो. पकडायचा हा सापळा नव्हे. बऱ्याचदा सारांशापेक्षा या दोन ओळीच वाचनीय असतात. शिवाय एखादा तयार सारांश मुद्दाम तिच्यासमोर ठेवून, तिने वाचलेल्या पुस्तकाशी ताडून त्यातल्या चुका काढायला सांगा. सहावीतल्या मुलांना दुसऱ्याच्या चुका काढण्यात जो उत्साह असतो तो कशातच नसतो.

शुद्धलेखन शेवटी, आणि एकाच वेळी सगळं नाही. खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागलात तर ती सोप्या शब्दांत लिहायला लागेल, कारण सोपे शब्द चुकत नाहीत. पक्का सारांश वहीत उतरवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. जिथे तिची जीभ अडते तिथलं वाक्य तिला स्वतःच बदलावंसं वाटतं.

राहिला शाळेचा दहाचा आकडा. दहापैकी तीन पुस्तकांवर वरचं सगळं करा : तोंडी सांगणं, मिटलेलं पुस्तक, खर्डा, पक्का सारांश. ही तीन तिने निवडावीत. बाकीच्यांना पाच ओळी पुरे : गोष्ट कुणाची, अडचण काय, सुटली कशी. शिक्षकांना आधी सांगून ठेवलंत तर बहुतेक ठिकाणी हे चालतं. आम्हालाही चारशे सारांश तपासायची हौस नसते. आणि दहा पुस्तकं झालीच नाहीत, तर वहीत खरं लिहू द्या : सात वाचली, तीन सोडली, कुठल्या पानावर सोडली आणि का. सोडलेल्या पुस्तकाविषयी मुलं फार नेमकं लिहितात. वह्यांच्या गठ्ठ्यात मला अशी नोंद दिसली की मी ती आधी वाचते, आणि पुढच्या वर्षी त्या मुलाला कुठलं पुस्तक द्यायचं हे मला त्यातूनच कळतं.